शेजारी ठेवलेली विळी

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, एसटीत कंडक्टर. तासगाव-सातारा गाडीवर त्यांची ड्युटी असायची आणि परत येताना त्यांच्या खाकी पिशवीत तिकिटाच्या यंत्राखाली पत्रकांचा एखादा गठ्ठा हमखास असायचा. कधी पाण्याच्या मोर्चाचा, कधी शिष्यवृत्तीच्या अर्जांचा, कधी अंगात येण्याच्या नाटकाविरुद्धचा. मी अक्षरं जुळवायला शिकले ती ‘जाहीर आवाहन’ या दोन शब्दांवर. आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला तेव्हा घरातले देव नदीत सोडले होते. देवांचा तो रिकामा कोनाडा वडिलांनी पुढं पत्रकं ठेवायला वापरला. त्यामुळे लहानपणी मला वाटायचं, कोनाडा असतो तो पत्रकांसाठीच.

पत्रकांना घडी घालायचं काम आत्याचं. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लग्न मोडून ती माहेरी आली त्याला आता वीस वर्षं झाली. तिचे हात इतके चपळ की चुलीवर चहा उकळेपर्यंत शंभर पत्रकं घडी होऊन बाजूला पडायची. ती चौथीपर्यंत शिकलेली. घडी घालताना ठळक अक्षरं वाचायची आणि बारीक सोडून द्यायची.

“बारीक तुमच्यासाठी,” ती म्हणायची. “ठळक आमच्यासाठी.”

हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं होतं. ऐकलं होतं एवढंच.

आत्या द्राक्षबागांत कामाला जायची. आमच्या भागात दिवाळीनंतर विरळणी सुरू होते. घडात मणी दाटीनं लागतात, ते तसेच ठेवले तर एकमेकांना चेपून फुटतात. म्हणून लहान टोकदार कात्रीनं मधल्या पाकळ्या, म्हणजे घडाचे बारके फाटे, आणि जादा मणी काढायचे. हे काम बायकांच्या टोळ्या करतात आणि जोडीनं करतात. वेलीच्या अलीकडं एक, पलीकडं एक. दोघींची तोंडं समोरासमोर, मध्ये पानं आणि घड, दोघींच्या हातांत कात्र्या. एकीच्या कात्रीचं टोक दुसरीच्या डोळ्यापासून वीतभर लांब असतं. याचा कुणी विचार करत नाही, कारण विचार केला तर काम होणार नाही. दिवसभर बोलणं चालू असतं. सासूची उणीदुणी, एकमेकींच्या खोड्या. आत्याची टोळीतली जोडीदारीण आमची शेजारीणच होती. दोघींनी बारा हंगाम एकाच वेलीच्या दोन बाजूंना काढले होते.

गेल्या विरळणीत आत्या आजारी पडली. आधी झोप गेली. मग ती कुणाला तरी उत्तरं द्यायला लागली, जे समोर नसायचं. आई म्हणाली थकवा असेल. वडील म्हणाले रक्त तपासू. मी सांगलीला खोली घेऊन राहत होते, एम.ए. करत होते आणि सभांमधून बोलत होते. मला फोनवर कळलं तेव्हा व्हायचं ते होऊन गेलं होतं. एका सकाळी आत्या टोळीच्या आधी बागेत पोहोचली आणि तिनं बांधाकडच्या तीन वळींतले, म्हणजे वेलींच्या तीन रांगांतले, सगळे घड देठापासून कापून मातीवर ओळीनं मांडून ठेवले. टोळी आली तेव्हा ती चौथ्या वळीत होती. मुकादमीण, म्हणजे टोळी चालवणारी बाई, तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, “दे हिकडं.” आत्यानं कात्री तिच्या हातावर ठेवली आणि मुकाट खाली बसली. घडांखेरीज तिनं कशालाच धक्का लावला नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढं ते सगळेच विसरले.

देवऋष्याचं नाव गावानं काढलं. वडिलांनी ते ऐकून घेतलं आणि आत्याला मिरजेला डॉक्टरांकडं नेलं. ती तीन आठवडे तिथं राहिली. घरी आली तेव्हा शांत होती, जरा जड झाली होती, जीभ थोडी उशिरा वळायची. रात्रीच्या जेवणानंतर एक गोळी. चार महिन्यांत ती पत्रकांच्या घड्या पूर्वीच्या वेगानं घालायला लागली. वडिलांना त्याचा अभिमान होता. आम्ही देवऋषी टाळला, डॉक्टर केला, गोळ्या चालू ठेवल्या. पत्रकात लिहितात ते सगळं आम्ही केलं होतं.

एप्रिलच्या छाटणीला आत्याला बोलावणं आलं नाही. नोव्हेंबरात आलं, कारण बाया कमी पडत होत्या. मी तेव्हा दिवाळीच्या सुट्टीला घरी होते. पहिल्या दिवशी संध्याकाळी ती परतली तेव्हा तिचे हात हिरवे होते, पण बोटावर कात्रीचा वळ नव्हता. मुकादमिणीनं तिला बगलफूट मोडायला लावलं होतं. वेलीला बाजूनं फुटणारे नको असलेले कोंब हातानं मोडत जायचं, बस. हे नवख्या पोरींचं काम. त्याला कात्री लागत नाही आणि जोडीदारीणही लागत नाही.

“कात्री का नाही दिली?” मी विचारलं.

“थंडी हाय म्हनली. बोटं आखडत्यात म्हनली.”

“तुझी बोटं आखडतात?”

“न्हाई,” आत्या म्हणाली आणि हात धुवायला गेली.

ती आठ दिवस कोंब मोडत राहिली. ज्या बायकांना तिनं विरळणी शिकवली होती त्या दोन वळी पलीकडं कात्र्या चालवत होत्या. घरी येऊन ती तक्रार करत नव्हती. फक्त जेवताना उजव्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट एकमेकांवर दाबायची, उघडायची, दाबायची. तिला तिची जागा परत हवी होती, वेलीच्या एका बाजूची. एवढंच. त्यासाठी तिनं काय करायला हवं हे तिला कुणी सांगत नव्हतं, कारण तिला ती दिलेली नाही हेच कुणी कबूल करत नव्हतं.

मला जे येतं ते मी केलं. मी पत्रक लिहिलं.

‘मनाचा आजार हाही आजारच’ असा मथळा. डावीकडच्या रकान्यात वर एकदाच ‘गैरसमज’ हा शब्द आणि खाली पाच वाक्यं, ठळक टाइपात. उजवीकडच्या रकान्यात ‘वस्तुस्थिती’ आणि पाच परिच्छेद, बारीक टाइपात, कारण वस्तुस्थितीला जागा जास्त लागते. डावीकडचं तिसरं वाक्य मी आत्याची बोटं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं होतं. ‘अशा माणसाच्या हातात धारदार वस्तू देऊ नये.’ त्याच्यासमोरचा परिच्छेद मला आजही पाठ आहे. तो चांगला होता. सांगलीतल्या छापखान्याच्या मालकानं प्रूफ वाचून मान हलवली होती.

गठ्ठा घरी आणला आणि आत्यासमोर ठेवला. ज्यांचा प्रश्न त्यांचेच हात, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. आत्यानं पहिलं पत्रक मधोमध दुमडलं. वर डावा रकाना आला. ती थांबली. ओठ हलवत पाचही वाक्यं तिनं वाचली. मग दुसरं घेतलं, तिसरं घेतलं आणि सगळा गठ्ठा संपवला. मला वाटलं, तिला आवडलं.

तासगावच्या बाजारात मी ती स्वतः वाटली. भाजीच्या ओळीत, एसटी स्टँडवर, बेदाण्याच्या गाळ्यांपुढं. स्टँडबाहेरच्या चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्यानं घडी न उघडता पत्रक डोळ्यांपासून लांब धरलं आणि मोठ्यानं वाचलं.

“अशा माणसाच्या हातात धारदार वस्तू देऊ नये.” मग माझ्याकडं बघून म्हणाला, “बरं केलंस बाय. लोकास्नी सावध केलंस.”

“बाबा, घडी उघडा. पुढं वाचा.”

“वाचलं की. छापूनच आलंय.” त्यानं पत्रक व्यवस्थित खिशात घातलं. “आमच्या सुनंला दाखीवतो. तिचा भाऊ हाय तसला.”

मी टपरीवर उभी राहून उरलेला गठ्ठा उलटसुलट करून बघितला. प्रत्येक पत्रक आत्याच्या हातानं नीट दुमडलेलं. प्रत्येकाच्या तोंडावर ती पाच वाक्यं. ‘गैरसमज’ हा शब्द पत्रकाच्या वरच्या कडेला, अंगठ्याखाली झाकला जाईल असा. मी निम्मा गठ्ठा परत आणला. पण निम्मा गेलेला होता आणि त्यातला काही आमच्या गावातही पोहोचला होता. दोन दिवसांनी बागेच्या मालकानं मुकादमिणीला सांगितलं म्हणे, की आता तर लेखी आलंय, तेव्हा त्या बाईला कात्रीच्या आसपासही फिरकू देऊ नका.

त्या संध्याकाळी आत्यानं मला विचारलं. आवाज चढवला नाही.

“माझी कात्री तुझ्या कागदात कशाला आनलीस?”

“मी तर तुझ्याच बाजूनं लिहिलं, आत्या.”

“ते बारीक असंल,” ती म्हणाली.

मी मुकादमिणीच्या घरी गेले. मला चूक दुरुस्त करायची होती, हे खरं. पण राग काढायला कुणीतरी हवं होतं, हेही खरं. ती ओसरीवर बसून टोळीच्या कात्र्यांना दगडावर धार लावत होती.

“ये. चा घेतीस?”

“नको. काकी, आत्याला कात्री का देत नाही?”

“कोन म्हनलं देत न्हाई? देनार की. थंडी सरू दे.”

“थंडी सरल्यावर विरळणी राहते का?”

ती हसली. “हुशार हाईस. म्हनून तर कागद लिवतीस.”

मग मी बोलले. भीती कुठून येते, अज्ञान कसं पसरतं, एका घटनेवरून माणसाला जन्मभर कसं बाजूला बसवतात, आणि बाजूला बसवणं म्हणजे काय हे आमच्या घराला कुणी शिकवायची गरज नाही. चांगलं बोलले. सभेत याच्यावर टाळ्या पडतात. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. एक कात्री संपवून तिनं दुसरी घेतली.

“झालं?” ती म्हणाली. “आता मी एक इचारू? तुमची इळी कुठं हाय?”

“काय?”

“इळी गं. भाजी चिरायची. तुमच्या घरात कुठल्या कोपऱ्यात हाय, सांग बरं.”

मला सांगता आलं नाही.

“तुझी आई रोज सकाळी भाजी घिऊन शेजारी जाती. आनि थितं बसून चिरती. तुझी आत्या मिरजेवनं आली त्याच दिवशी इळी थितं गेली. शेजारीन माझ्याच टोळीत हाय. दुसऱ्या दिवशी तिनं बागंत सांगितलं, पत्रकंवाल्यांच्या घरातनं इळी बाहीर पडली.” तिनं कात्रीचं टोक अंगठ्यानं तपासलं. “तुमी शिकलेली मानसं. देवाला सुदिक न्हाई भ्यायलासा कवा. तुमीच भेताय म्हटल्यावं बाया काय म्हनतील? आमी तुमच्याकडंच बघून चाललो, बाय. तुझा कागद तर आत्ता आला.”

मी उठले. ती मागून म्हणाली, “मला कात्री द्यायला काय न्हाई. पन जोडीला कोन हुबं ऱ्हानार? येक बाई तयार न्हाई. तू ऱ्हातीस?”

“राहते.”

“सकाळी सातला गाडी हाय. चप्पल नगं, बूट घाल. बागंत काटं हायती.”

घरी जाताना मी आठवत होते. विळी चुलीच्या डाव्या हाताला असायची, भिंतीला टेकून उभी. गेल्या वर्षभरात मी महिन्यातून दोनदा तरी घरी येऊन गेले होते. त्या कोपऱ्यात तेलाचा डबा ठेवलेला मी बघितला होता. चिरलेली भाजी ताटलीत बाहेरून आत येताना बघितली होती. बघितलं होतं आणि जेवले होते. विचारलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

आई दारात तांदूळ निवडत होती. मी विळीचं नाव काढल्यावर तिचा हात थांबला नाही.

“शेजारी हाय. गप्पा मारत चिरायला बरं पडतं.”

“वर्षभर?”

“मग काय झालं?” मग ती हळू आवाजात म्हणाली, “तू सांगलीत हुतीस. त्या तीन वळी मी बघितल्यात. मातीत घड मांडलं हुतं, लेकरं निजवल्यागत. मला झोप येत न्हवती गं. तुझं वडील ड्युटीवर, घरात आमी दोघीच.”

“आणि दादांना माहीत होतं?”

“त्येंनीच तर नेऊन ठेवली.”

वडील आत पिशवी भरत होते. मी त्यांच्याकडं गेले. त्यांनी तिकिटाचं यंत्र आत ठेवलं, झाकण लावलं आणि म्हणाले, “भीती वाटली मला. लिहायचं असेल तर लिही.” त्यांना कधी इतक्या कमी शब्दांत बोलताना मी ऐकलं नव्हतं. ते गाडीवर गेले.

मी आत्याला सांगितलं की उद्या मी तिच्या जोडीला उभी राहणार आहे. विळीचं काही बोलले नाही. विषय तिनंच काढला.

“इळीचं बोलनं चाललं हुतं न्हवं? मी आले त्याच दिवशी बघितलं. कोपरा मोकळा हुता.”

“मग काही बोलली का नाहीस?”

“काय बोलू? द्या म्हनू? म्हटलं आसतं तर आनिक भ्याले आसते.”

मग ती कोनाड्याशी गेली, पत्रकांचे गठ्ठे बाजूला केले आणि त्यांच्यामागून एक फडकं काढलं. फडक्यात तिची विरळणीची कात्री होती, तेल लावून ठेवलेली. मुकादमिणीनं तिची ती तिला कधीच परत करून टाकली होती. वर्षभर ती तिथंच होती, आमच्या डोळ्यांसमोरच्या कोनाड्यात.

सकाळी टेंपोत बायांनी आम्हाला कडेला जागा दिली. जागा दिली म्हणजे सरकल्या, आणि जरा जास्तच सरकल्या. शेजारीण पार पुढं, ड्रायव्हरच्या मागं जाऊन बसली. मुकादमिणीनं आम्हाला शेवटची वळ दिली, बांधाकडची, जिथं घड मुळातच बारके असतात. बिघडलं तरी फार बिघडू नये असा हिशोब. तो मला कळला. आत्यालाही कळला असणार. ती वेलीच्या पलीकडं जाऊन उभी राहिली. मी अलीकडं.

“वरचा खांदा ठिवायचा,” तिनं पानांतून सांगितलं. “मधली येक पाकळी सोडून येक काढायची. मग आत शिरून मनी काढायचं. देठाला कात्री लावायची न्हाई. बघ.”

तिची कात्री घडात शिरली. टिक टिक टिक असा आवाज आणि हिरवे बारके मणी तिच्या बुटांवर पडू लागले. घड मोकळा झाला, त्यातून पलीकडचा उजेड दिसायला लागला. मग पुढचा घड. तो माझ्या चेहऱ्याच्या उंचीला होता. कात्रीचं टोक पानांतून माझ्या बाजूला आलं आणि मी मागं सरकले.

अर्धं पाऊल. टोक माझ्यापासून लांब होतं आणि ती माझ्याकडं बघतही नव्हती. मी पुन्हा पुढं आले, पण त्यानंतर माझं लक्ष तिच्या हातांवर राहिलं. मनगट वळतंय का, बोटं घट्ट होतायत का, डोळे कुठं आहेत. ज्या बाईनं मला अंघोळ घातली, केस विंचरले, तिचा हात मी पहारेकऱ्यासारखा बघत होते. पत्रकातला बारीक टाइपातला परिच्छेद मला शब्दन् शब्द येत होता. तो त्या वेळी माझ्या पायांना माहीत नव्हता.

चारपाच वेली झाल्या. मग पलीकडून आवाज आला.

“माझ्या हाताकडं नगं बघू. घडाकडं बघ.”

मी घडाकडं बघितलं. मी हातांकडं बघण्याच्या नादात तीन घड देठापासूनच कापून टाकले होते. ते माझ्या पायाशी पडले होते. चौथ्याचा खांदा गेला होता. पाचव्याची मी मणी काढता काढता केरसुणी करून टाकली होती.

आत्या वेलीखालून वाकून बघायला लागली. जमिनीवरचे घड तिनं मोजले.

“माझ्या टायमाला तीन वळी गेल्या,” ती म्हणाली. “तुझी येक तर हुईलच.”

पलीकडच्या वळीतून कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरी. मला कळलं की सकाळपासून त्या सगळ्या कान देऊन होत्या. मला हसू आलं नाही. आत्याला आलं. वर्षभरात तिला असं हसताना मी बघितलं नव्हतं. खोकल्यासारखं हसू, खांदे हलवून.

हसणं ऐकून मुकादमीण आली. तिनं खाली पडलेले घड बघितले. माझ्या बाजूचे वेल बघितले. मग पानं बाजूला करून आत्याच्या बाजूचे बघितले. एकेक घड हाताच्या तळव्यावर घेऊन जोखला. तिथं खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

“ठेव ती कात्री खाली,” ती मला म्हणाली. “ह्या पोरीच्या हातात धारदार वस्तू दिऊ नगा, आसं छापा आता.”

अख्खी वळ हसली. मी कात्री ठेवली. मुकादमिणीनं कमरेची स्वतःची कात्री काढली, पदर खोचला आणि माझ्या जागी येऊन उभी राहिली. तिनं आत्याला माफ केलं, समजून घेतलं, असलं काही मी म्हणणार नाही. काम वाया चाललं होतं आणि चार वाजेपर्यंत ती बाजू संपवायची होती. पहिल्या वेलीला ती जरा अंग चोरून होती, मला दिसलं. तिसऱ्या वेलीपर्यंत तिच्या भावकीतल्या कुठल्याशा लग्नाचं बोलणं निघालं आणि मानपानावरून आत्यानं काहीतरी टोमणा मारला, तो मला ऐकू आला नाही. मी बगलफूट मोडत पुढं गेले. नवख्या पोरींचं काम.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बांधावर बसल्या. शेजारीण लांबच होती. पण एक बाई भाकरी घेऊन आत्याजवळ सरकली. तिचा दीर फौजेतून परत आला होता आणि घराबाहेर पडत नव्हता.

“आक्का, त्या गोळीनं झोप लय येती काय गं?”

“पैलं दोन म्हैनं येती,” आत्या म्हणाली. “मग डाक्टरला सांगायचं. ते बदलून देत्यात.”

“आनि सोडली तर?”

“मी सोडली न्हाई. सोडायची न्हाई. ताक हाय का तुझ्याकडं?”

बाईनं ताक दिलं. माझ्या पिशवीत परत आणलेल्या पत्रकांपैकी दहाबारा होती. मी ती बाहेर काढली नाहीत. घरातला उरलेला गठ्ठा पुढं जानेवारीत मुकादमीण घेऊन गेली. थंडीत घडांना कागद लावावे लागतात, तेव्हा दोन दोन जोडून लावायला. मी नाही म्हटलं नाही.

संध्याकाळी टेंपोनं आम्हाला गल्लीच्या तोंडाशी सोडलं. आत्याच्या बोटावर कात्रीचा लाल वळ होता आणि ती तो अंगठ्यानं चोळत चालली होती. मला वाटलं ती घरात जाईल. ती आमचं दार ओलांडून शेजारच्या दारात गेली. शेजारीण आमच्याच टेंपोतून उतरून नुकती घरात शिरली होती, अजून तिनं बूटही काढले नव्हते.

“आमची इळी द्या,” आत्या म्हणाली.

शेजारणीनं माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. “आक्का, सकाळी देते की पाठवून. आत्ता अंधारायला आलंय.”

“वांगी चिरायची हायती.”

“मी चिरून देते की.”

“बारा हंगाम तुझ्याम्होरं हुबी ऱ्हायले,” आत्या म्हणाली. “तुला येकदा तरी टोचली काय कात्री?”

शेजारीण आत गेली. बाहेर आली तेव्हा विळी तिनं दोन्ही हातांनी धरली होती, पातं स्वतःच्या अंगाकडं करून. आत्यानं ती पाटाला धरून घेतली आणि उघड्या पात्यासकट गल्लीतून आमच्या दाराकडं निघाली. कट्ट्यावर तीनचार माणसं बसली होती. ती बोलायची थांबली. आत्या चालत राहिली, नेहमीच्या चालीनं. मी तिच्या मागं नव्हे, बाजूनं चालले. ते मला ठरवून करावं लागलं.

आई दारातच होती. तिनं विळी बघितली. एक क्षण तिचा हात चौकटीवरच राहिला. मग ती बाजूला झाली, आत गेली आणि कोपऱ्यातला तेलाचा डबा उचलून दुसरीकडं ठेवला. आत्या पाटावर बसली. पात्यावरून तिनं बोट फिरवलं आणि तोंड वाकडं केलं. शेजारणीनं धार लावलेली नव्हती.

आईनं वांग्यांचं ताट आणलं. ते तिच्यासमोर ठेवून ती उभीच राहिली. मग पदर सावरून खाली बसली, विळीच्या समोरच्या बाजूला, आणि एकेक वांगं पुसून तिच्या हातात द्यायला लागली.

“देठ ठेवा, वन्सं,” ती म्हणाली. “भरायची हायती.”